खुर्चीच्या दोन्ही बाजू : दंतवैद्यक प्रवेशाच्या मुलाखतीतील भूमिकाभिनय

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त रांझी येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा पाठ)



भातुकलीचा खेळ ज्या घरात रंगला नाही असे मराठी घर विरळाच. त्या खेळात पाच वर्षांची मुलगी आई होते, तिचा धाकटा भाऊ दुकानदार होतो आणि शेजारचा मुलगा डॉक्टर होतो. तो चमच्याचा दांडा हातात धरून ‘आ कर’ म्हणतो, आणि रोगी झालेली मुलगी डोळे मिटून, दोन्ही हात घट्ट आवळून तोंड उघडते. डॉक्टर कसा बोलतो आणि रोगी कसा घाबरतो, हे त्या दोघांना कोणी शिकवलेले नसते. त्यांनी ते पाहिलेले असते, आणि स्वतः काही काळ दुसरे कोणी होऊन ते अनुभवलेले असते. पुढे शाळा, गृहपाठ, शिकवणी आणि स्पर्धा परीक्षा यांच्या गर्दीत हा खेळ मागे पडतो. मुलगा अकरावी-बारावीत येईपर्यंत दुसऱ्याच्या जागी उभे राहण्याची ती सवय बहुधा मोडलेली असते. आणि मग जगातील काही नामांकित दंतवैद्यक विद्यालये प्रवेशाच्या वेळी त्याच्यापुढे नेमकी तीच भातुकली मांडतात. तिला ‘रोल-प्ले’ म्हणतात. शिक्षणशास्त्रात तिला भूमिकाभिनय हे नाव आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय हा भूमिकाभिनय आणि त्याची तयारी.

रांझीसारख्या वस्तीत हा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. १९०४ साली जबलपुरात गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळा कारखाना आला आणि १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी आली. या कारखान्यांच्या भोंग्यावर रांझीचा दिवस उगवला आणि मावळला. त्या नोकऱ्यांच्या ओढीने आलेल्या मराठी कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी आज पुणे, नागपूर, बंगळूर येथे आहे, तशीच ती कॅनडात, इंग्लंडात आणि ऑस्ट्रेलियातही आहे. मेळाव्यासाठी दूरदूरहून आलेल्या अनेक माजी विद्यार्थ्यांची मुले तिकडच्या शाळांत शिकतात. त्यांच्यापैकी ज्यांना दंतवैद्य व्हायचे आहे, त्यांच्यापुढे ही मुलाखत आज ना उद्या उभी राहणार आहे. आणि जी मुले येथेच राहणार आहेत, त्यांना ही मुलाखत द्यावी लागत नसली, तरी तिच्यात विचारला जाणारा प्रश्न त्यांनाही चुकत नाही. तो त्यांना थोडा उशिरा विचारला जातो, एवढाच फरक.

भारतात बीडीएसचा प्रवेश ‘नीट’ या एकाच लेखी परीक्षेवर ठरतो. एकूण ७२० गुण असतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचे ज्ञान तपासले जाते. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, हे मराठी शाळांनी आवर्जून लक्षात ठेवावे. गुणवत्ता यादी लागते, समुपदेशनाच्या फेऱ्या होतात आणि प्रवेश मिळतो. या साऱ्या प्रवासात कोणीही विद्यार्थ्याला असे विचारत नाही की, समोर घाबरलेला माणूस बसला असता तू काय करशील? लाखोंच्या संख्येने मुले परीक्षेला बसतात, तेथे प्रत्येकाची मुलाखत घेणे अवघड, हे मान्य केले पाहिजे. लेखी परीक्षेत ओळखपाळखीला वाव राहत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. परंतु न विचारलेला प्रश्न नाहीसा होत नाही. तिसऱ्या वर्षात विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णापुढे उभा राहतो, तेव्हा खुर्चीत बसलेली आजी त्याला तो विचारते, आणि तिच्या प्रश्नपत्रिकेत चार पर्याय दिलेले नसतात.

पाश्चात्त्य देशांत ही पद्धत कशी आली, हे थोडक्यात पाहण्यासारखे आहे. १९६३ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे हॉवर्ड बॅरोज या मज्जाविकारतज्ज्ञ अध्यापकांनी एक प्रयोग केला. त्यांनी एका निरोगी स्त्रीला रुग्णाची लक्षणे, बोलणे आणि हालचाली शिकवल्या आणि विद्यार्थ्यांना तिची तपासणी करावयास लावली. तपासणी संपल्यावर विद्यार्थी कसा वागला, हे ती ‘रुग्ण’ स्त्रीच सांगू शकत होती. डॉक्टर घडवण्याच्या कामी नटनट्यांचे काय काम, अशी या कल्पनेची त्या काळी थट्टाही झाली. पुढे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी परीक्षेची एक नवी रचना मांडली. एका मोठ्या तोंडी परीक्षेऐवजी विद्यार्थी ठरावीक मिनिटांनी एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे जातो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक वेगळे कौशल्य तपासतो. या शतकाच्या आरंभी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने हीच रचना प्रवेशाच्या मुलाखतीला लावली आणि २००४ साली तिच्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तिचे नाव ‘मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू’, म्हणजे अनेक छोट्या मुलाखतींची मालिका. मॅकमास्टरच्या त्या प्रयोगात दहा टप्पे होते, प्रत्येकी आठ मिनिटांचे, आणि दोन टप्प्यांच्या मध्ये दोन मिनिटांचा अवकाश.

यामागचा विचार साधा आहे. एकाच मंडळापुढे तासभर बसलेल्या उमेदवाराचे नशीब एका मंडळाच्या आवडीनिवडीवर ठरते. दहा वेगवेगळ्या परीक्षकांनी दहा वेळा पाहिले, तर एखाद्या ठिकाणी पाय घसरला तरी सारे काही संपत नाही. वैद्यकासाठी निघालेली ही पद्धत आज ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांतील अनेक दंतवैद्यक विद्यालयेही वापरतात, आणि तिच्या एका-दोन टप्प्यांवर बहुधा भूमिकाभिनय असतो. दाराबाहेर एक कार्ड लावलेले असते. ते वाचायला एक-दोन मिनिटे मिळतात. घंटा वाजली की उमेदवार आत जातो. आत एक प्रशिक्षित नट किंवा स्वयंसेवक बसलेला असतो आणि बाजूला, बहुतेक वेळा एकही शब्द न बोलणारा परीक्षक.

येथे पहिला गैरसमज दूर केला पाहिजे. या प्रसंगात अभिनय समोरच्या माणसाने करायचा असतो, उमेदवाराने नव्हे. उमेदवाराने स्वतःच राहायचे असते. तसेच या टप्प्यावर दंतशास्त्राचे ज्ञानही तपासले जात नाही, कारण बारावीच्या मुलाकडून त्याची अपेक्षाच नसते. ‘हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे’ अशी म्हण आहे. भूमिकाभिनयाची परीक्षा दाखवायच्या दातांमागे काय आहे ते पाहण्यासाठी असते. म्हणूनच पाठ केलेली उत्तरे तेथे कामी येत नाहीत.

एक प्रसंग नमुन्यादाखल घ्यावा. कार्डावर लिहिले आहे : ‘तुमच्या शेजारच्या आजी आठ दिवस गावी गेल्या होत्या. जाताना त्यांनी आजोबांचे मनगटी घड्याळ तुमच्याकडे सांभाळायला दिले. तुमच्या हातून ते पडले आणि फुटले. आजी परत आल्या आहेत. त्यांना भेटा.’ आत गेल्यावर आजी हसून विचारतात, ‘काय रे बाळा, घड्याळ नीट ठेवलंस ना?’

या एका वाक्यापुढे हुशार मुलांचीही गडबड उडते. एखादा अभ्यासाच्या गप्पा काढून वेळ काढतो. एखादा ‘ते आपोआप पडले’ असे म्हणतो. बहुतेक जण घाईघाईने म्हणतात, ‘आजी, मी तुम्हाला नवीन घड्याळ आणून देतो.’ वरवर पाहता हे उत्तर सज्जनपणाचे वाटते. परंतु ते घड्याळ आजोबांना कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेले असेल, आजोबा आता हयात नसतील, आणि आजी रोज सकाळी त्याला किल्ली देत असतील, तर नवीन घड्याळाचा उपयोग काय? मुलाने उपाय सांगितला, पण आजींचे काय हरवले हे विचारलेच नाही. ज्या मुलाने सरळ सांगितले, ‘आजी, एक वाईट बातमी आहे. घड्याळ माझ्या हातून पडलं आणि फुटलं. चूक माझी आहे,’ आणि त्यानंतर तो गप्प बसला, आजींना बोलू दिले, त्यांचा राग ऐकून घेतला, मग विचारले की, ‘हे घड्याळ आजोबांचं ना?’, त्याने परीक्षा अर्ध्याहून अधिक जिंकली. दुरुस्तीची गोष्ट त्यानंतर यावी, आणि तीही जेवढे करता येईल तेवढीच. ‘पूर्वीसारखं होईल’ असे वचन ज्याला पाळता येणार नाही, त्याने ते देऊ नये.

दंतवैद्यकाशी याचा काय संबंध? पुढे कधीतरी दात काढताना दाताचे टोक हाडात तुटून राहील. कधी डाव्या बाजूऐवजी उजव्या बाजूचे छायाचित्र घेतले जाईल. चूक रुग्णाला सांगण्याची पाळी प्रत्येक दंतवैद्यावर येते. ब्रिटनमधील दंतवैद्यकाची नियामक संस्था, जनरल डेंटल कौन्सिल, हिने २०१३ साली आपल्या व्यावसायिकांसाठी नऊ तत्त्वे घालून दिली. रुग्णाचे हित सर्वप्रथम हे पहिले तत्त्व आहे, रुग्णाशी परिणामकारक संवाद हे दुसरे आणि रुग्णाची खरीखुरी संमती हे तिसरे. तक्रारींची नीट दखल घेण्यासाठी स्वतंत्र तत्त्व आहे आणि रुग्णाला धोका दिसत असेल तर सहकाऱ्याविरुद्धही बोलण्यासाठी स्वतंत्र तत्त्व आहे. प्रवेशाच्या मुलाखतीतील बहुतेक प्रसंग याच तत्त्वांची बालरूपे असतात. फुटलेले घड्याळ हे उद्याच्या तुटलेल्या दाताचे बीज आहे.

दुसरा प्रसंग रांझीच्या अधिक जवळचा आहे. कार्डावर लिहिलेले आहे : ‘तुमचा जिवलग मित्र रोज सुपारी-तंबाखूच्या पुड्या खातो, हे तुम्हाला कळले आहे. त्याच्याशी बोला.’ येथे उमेदवार हमखास व्याख्यान देतो. कर्करोगाची भीती घालतो, आईवडिलांची आठवण काढतो, शपथ घ्यायला लावतो. मित्र मान हलवतो आणि पुढच्या वेळी पुडी अधिक काळजीपूर्वक लपवतो.

मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी २१.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले. केवळ सुपारीच्या सवयीनेही तोंडाच्या आतील त्वचा कडक होत जाते, तिखट झोंबू लागते आणि तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या तोंडात त्याच्याच हाताची तीन बोटे उभी मावतात. ती मावेनाशी झाली, किंवा तोंडातील पांढरा चट्टा अथवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर दंतवैद्याकडे गेलेच पाहिजे. ही माहिती कारखान्यातून दमून आलेल्या माणसाला अगदीच नसते असे नाही. तो जात नाही, त्याचे एक मोठे कारण लाज हे असते. डॉक्टर सर्वांसमोर रागावतील, सुनेसमोर बोलतील, या धास्तीने तो तोंडच दाखवत नाही. दुखणे वाढते आणि तो येतो तेव्हा उशीर झालेला असतो. एका दंतवैद्याच्या पहिल्या वाक्यावर अशा माणसाचे पुढचे आयुष्य अवलंबून असू शकते. म्हणून त्या मुलाखतीत मित्राला ‘तू हे का करतोस?’ असे दरडावण्याऐवजी ‘याची सुरुवात कधी झाली रे?’ असे विचारणारा मुलगा अधिक मोलाचा ठरतो. दोष न देता विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळण्याची शक्यता असते.

तिसरा प्रसंग शेजारच्या मंडला जिल्ह्यातला. तेथील तिलईपानी हे गाव पाण्यातील फ्लोराइडच्या दुष्परिणामांसाठी अभ्यासकांना परिचित आहे, आणि जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेने तेथे काम केले आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असेल आणि लहानपणापासून तेच पाणी पोटात जात असेल, तर दातांवर पांढरे, पिवळे, तपकिरी डाग उमटतात. समजा, कार्डावर एवढी माहिती दिली आहे आणि समोर ओढणीने तोंड झाकून बसलेली एक तरुण मुलगी आहे. ती म्हणते, ‘मी रोज दोनदा दात घासते, तरी सगळे मला घाणेरडी म्हणतात.’ येथे रसायनशास्त्र सांगण्याची घाई होते. पण त्या मुलीला आधी एवढेच ऐकायचे असते की, दोष तिचा नाही. ‘तू घासण्यात काहीही चूक केलेली नाहीस. हे पाण्यामुळे झालं आहे,’ ही दोन वाक्ये तिच्या दृष्टीने साऱ्या उपचारांच्या आधीचा उपचार ठरतात.

आता तयारीकडे वळू या. पहिली तयारी कार्ड वाचण्याची. मिळालेल्या दोन मिनिटांत विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत : येथे आपण कोण आहोत? समोरची व्यक्ती कोण आहे आणि तिला काय ठाऊक आहे, काय नाही? या भेटीच्या शेवटी काय साधायचे आहे? कार्डावर ‘समजावून सांगा’ लिहिले आहे की ‘भेटा’ लिहिले आहे, हेही नीट पाहावे. आत गेल्यावर नमस्कार करून स्वतःचे नाव सांगावे, समोरच्याचे नाव विचारावे आणि पहिला प्रश्न मोकळा ठेवावा. ‘दुखतंय का?’ या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मिळते. ‘काय होतंय, सांगा,’ म्हटले की माणूस बोलू लागतो.

दुसरी तयारी गप्प राहण्याची, आणि ती सर्वांत कठीण आहे. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला अडवतात. घरी हे मोजून पाहता येते. आजीला तिच्या गुडघ्यांविषयी विचारावे, घड्याळ लावावे आणि नातवाने किती सेकंदांत तोंड उघडले ते पाहावे. समोरचा माणूस रडू लागला तर लगेच बोलण्याची गरज नसते. पाण्याचा पेला पुढे करून शांत बसणे हेही एक उत्तर असते. ‘मला तुमच्या भावना समजतात’ हे शिकवणीत पाठ करवून घेतलेले वाक्य मात्र टाळावे. अठरा वर्षांच्या मुलाला सत्तर वर्षांच्या विधवेचे दुःख समजले, असे कोण मानेल? त्याऐवजी ‘ते घड्याळ तुम्हाला फार जवळचं होतं, असं वाटतं,’ असे ऐकलेल्यातूनच उचललेले वाक्य खरे ठरते.

तिसरी तयारी तीन खुर्च्यांची. ही घरी, ओट्यावर, शाळेच्या वर्गात, कोठेही करता येते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. एका खुर्चीत उमेदवार, दुसरीत रुग्ण किंवा शेजारी झालेला मित्र आणि तिसरीत निरीक्षक. पाच मिनिटे प्रसंग चालावा. निरीक्षकाने कागदावर चारच गोष्टी टिपाव्यात : उमेदवाराने किती प्रश्न विचारले, किती वेळा मध्येच तोडले, न पाळता येणारे वचन किती वेळा दिले आणि शेवटी पुढे काय करायचे ते दोघांनी मिळून ठरवले की नाही. मग जागा बदलाव्यात. अनुभव असा की, उमेदवाराच्या खुर्चीत मूल जेवढे शिकते, त्याहून अधिक ते रुग्णाच्या खुर्चीत शिकते. मान मागे टाकून, तोंड उघडे ठेवून पाच मिनिटे बसून पाहिले की, बोलता न येणाऱ्या माणसाला प्रश्न विचारत राहणे किती निरर्थक असते, ते कळते. ‘दुखलं तर डावा हात वर करा,’ असे आधी सांगून ठेवण्याची आवश्यकता मग पुस्तकात वाचावी लागत नाही.

चौथी तयारी समजावण्याची. आपण सांगितले म्हणजे समोरच्याला समजले असे होत नाही. म्हणून शेवटी ‘समजलं ना?’ असे विचारू नये, कारण मोठ्या माणसांपुढे ‘हो’ म्हणण्याची आपल्याकडे रीतच आहे. ‘घरी गेल्यावर तुम्ही सूनबाईंना काय सांगाल?’ असे विचारावे. तिच्या उत्तरात आपल्या सांगण्यातील उणीव दिसते. सरावासाठी एक सोपा खेळ आहे : डोळे मिटून बसलेल्या भावंडाला केवळ शब्दांनी बुटाची नाडी बांधायला शिकवायचे. दोन मिनिटांत आपल्या शब्दांची खरी किंमत कळते.

येथे पालकांच्या मनातील एक शंका उघडपणे घेतली पाहिजे. मराठी माध्यमात शिकलेले मूल परदेशी मुलाखतीत इंग्रजीमुळे मागे पडणार नाही का? इंग्रजीचा सराव लागतो, आणि तो भरपूर लागतो, यात दुमत नाही. परंतु अडचण शब्दांच्या झगमगाटाची नसते. छोटी, सरळ वाक्ये पुरतात. एखादा शब्द कळला नाही तर तो पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही, उलट तो विचारणे हेच चांगल्या वैद्याचे लक्षण. शिवाय रांझीच्या मराठी मुलाजवळ एक ठेवा आहे, ज्याची त्याला स्वतःलाच जाणीव नसते. तो घरी मराठी बोलतो, बाजारात हिंदी, शेजारच्या काकींशी बुंदेली वळणाची बोली आणि पुस्तकात इंग्रजी वाचतो. समोरच्याचा चेहरा पाहून शब्द निवडण्याचे शिक्षण त्याला बालपणापासून मिळालेले असते.

दुखण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत, ते पाहावे. दात ठणकतो, दाढेतून कळ येते, सणक जाते, गार पाण्याने दात शिवशिवतात, चिंच खाल्ल्यावर दात आंबतात, हिरडी हुळहुळते. ठणका आणि शिवशिव यांत जो फरक आजी सहज करते, तो दंतवैद्याच्या निदानालाही उपयोगी पडतो. ज्या मुलाचा कान या शब्दांवर घडला आहे, तो कोणत्याही भाषेत ‘दुखतंय’ एवढ्या उत्तरावर थांबणार नाही. दुखणे कसे आहे, हे तो विचारीलच. मातृभाषेत ऐकायला शिकलेला माणूस परभाषेतही ऐकू शकतो.

मराठी परंपरेला हा विचार नवा नाही. परकायाप्रवेश हा शब्दच आपल्याकडे आहे. संत एकनाथांनी आपल्या भारुडांतून वासुदेव, जोशी, आंधळा, मुका अशा कितीतरी जणांच्या तोंडून बोलून दाखवले. पैठणच्या एका विद्वान गृहस्थाने समाजाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाची वाणी आपलीशी केली, ही गोष्ट सहानुभूतीच्या शिक्षणाचा मोठा पाठ आहे. भारतातील वैद्यकशिक्षणानेही हे ओळखले आहे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचे स्वतंत्र शिक्षण समाविष्ट झाले आणि भूमिकाभिनय हे त्याचे एक साधन आहे. प्रवेशाच्या दारात नसलेली गोष्ट निदान घराच्या आत आली, हे स्वागतार्ह आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आठ मिनिटांत माणूस पूर्ण ओळखता येत नाही. धीट मूल थोडे अधिक उजळून दिसते आणि बुजरे मूल असते त्याहून फिके दिसते. पैसे मोजून शिकवणी लावणाऱ्यांना सरावाची संधी अधिक मिळते. म्हणूनच शाळेने हा सराव सर्वांना समान उपलब्ध करून देण्यात अर्थ आहे. बुजऱ्या मुलासाठी तर तो अधिकच आवश्यक, कारण पुष्कळदा तेच उत्तम श्रोते असतात. त्यांना पहिले वाक्य बोलण्याचे बळ तेवढे द्यावे लागते.

शेवटी पालकांसाठी एक नम्र विनंती. दवाखान्यात डॉक्टर मुलाला विचारतात, ‘काय होतंय बाळ?’ आणि उत्तर आई देते. शाळेत शिक्षक विचारतात आणि उत्तर वडील देतात. हे प्रेमापोटीच होते. पण ज्या मुलाच्या वतीने सतरा वर्षे दुसरेच बोलले, त्याने अठराव्या वर्षी अनोळखी माणसाच्या डोळ्यांत पाहून ‘चूक माझी आहे’ असे म्हणावे, ही अपेक्षा कोठून पुरी व्हावी? मुलाला स्वतःचे दुखणे स्वतः सांगू द्यावे. शेजाऱ्यांची काच फुटली तर पैसे घेऊन वडिलांनी जाऊ नये. मुलाने जावे, दार वाजवावे आणि जे घडले ते सांगावे. वडिलांनी हवे तर कोपऱ्यावर उभे राहावे. भूमिकाभिनयाची याहून मोठी तयारी कोणतीही शिकवणी देऊ शकत नाही.

साठ वर्षांत या शाळेच्या बाकांवरून कारागीर, अभियंते, शिक्षक, सैनिक आणि वैद्य उठून गेले. पुढच्या वर्षांत जे दंतवैद्य होतील, ते लंडनमध्ये असोत की रांझीच्या बाजारपेठेत, त्यांच्या खुर्चीत एक घाबरलेला माणूस बसेल आणि तोंड उघडण्यापूर्वी क्षणभर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहील. त्या क्षणी त्याला त्या चेहऱ्यावर भीतीऐवजी भरवसा दिसावा, एवढीच या हीरक महोत्सवी वर्षात सर्वांच्या वतीने प्रार्थना.